समाजमंदिरातील वाचनवर्ग : स्वरूप, पद्धती आणि आपली जबाबदारी

निवासी शाळेच्या पाचवीच्या वर्गात दरवर्षी नवी मुले दाखल होतात. त्यांच्या हाती चौथी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असते. परंतु पहिल्या आठवड्यातच शिक्षकांच्या लक्षात येते की काही मुले पुस्तक वाचत नाहीत, ती पुस्तक निभावून नेतात. शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून, चित्रावरून अंदाज बांधून किंवा पाठ झालेले उतारे म्हणून ती वेळ मारून नेत असतात. ही मुले बुद्धीने कमी असतात असे मुळीच नाही. बाजारात हिशेब करणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, ऐकलेली गोष्ट तपशिलासह सांगणारी हीच मुले असतात. त्यांना न मिळालेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे अक्षरांतून अर्थापर्यंत पोहोचण्याची वाट.

हा प्रश्न एका शाळेचा किंवा एका तालुक्याचा नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेली 'असर' ही पाहणी ग्रामीण भारतातील मुलांची वाचनक्षमता प्रत्यक्ष घरी जाऊन तपासते. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे देशपातळीवरील प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये ते सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत सावरले. सावरल्यानंतरचे चित्रही असे आहे की पाचवीतील निम्म्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला इतिहास, विज्ञान आणि गणितातील शाब्दिक उदाहरणेही येत नाहीत. पुढे त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा पडतो, आणि आठवी-नववीच्या सुमारास ते मूल शाळेतून निसटते. पहिल्या पायरीवर राहिलेली उणीव अशा रीतीने एका आयुष्याची दिशा ठरवते.

निवासी शाळा पाचवीपासून पुढे आपल्या परीने ही उणीव भरून काढते. मात्र वाचनाचा पाया सहा ते दहा या वयात, वस्तीत असतानाच घातला जावा लागतो. तो घालण्याची जागा आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. ती म्हणजे आपले समाजमंदिर, आपले विहार. तेथे वाचनवर्ग कसा चालवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसतिगृह आणि वाचनालय : जुळी भावंडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या उद्दिष्टांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्याबरोबरच ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग चालविण्याचा स्पष्ट उल्लेख होता. त्यानुसार १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू झाले आणि मुंबईत मोफत वाचनालयही चालविले गेले. वसतिगृह आणि वाचनालय ही एकाच विचाराची दोन अपत्ये होत. आपली निवासी शाळा पहिल्याची वारस आहे. दुसऱ्याचा वारसा मात्र वस्तीवस्तीतील समाजमंदिरांकडे जातो, आणि तो आपण पुरेशा निष्ठेने सांभाळलेला नाही, हे मान्य करावे लागेल.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग या संदर्भात मोलाचा आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाने काय घडविले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की हे सारे शाळेच्या चार भिंतींबाहेर, एका सार्वजनिक जागी घडले. एक मूल, एक सार्वजनिक जागा, एक पुस्तक आणि लक्ष देणारी एक प्रौढ व्यक्ती एवढीच त्याची सामग्री होती. वाचनवर्गालाही याहून अधिक काही लागत नाही.

महाराष्ट्रात अशा प्रयत्नांची अलीकडची उदाहरणेही आहेत. फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शाळेत मागे पडलेल्या दलित वस्तीतील मुलांसाठी साक्षरतेचे वर्ग घेतले. त्या छोट्या कामातूनच पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. वस्तीतील वर्ग हा शाळेचा दुय्यम पर्याय असतो, ही समजूत अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

वाचता येणे म्हणजे काय?

आपल्याकडे 'वाचता येते' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. अक्षरे ओळखली म्हणजे वाचन आले, असे पालक मानतात. पाठ खणखणीत आवाजात म्हटला म्हणजे वाचन आले, असे कधीकधी शिक्षकही मानतात. वस्तुतः वाचन हे तीन गोष्टींनी मिळून बनते. पहिली गोष्ट म्हणजे लिपिचिन्हांचा उच्चार करता येणे. दुसरी म्हणजे ओघ, अर्थात अडखळता एकेक अक्षर न जुळवता शब्द आणि वाक्ये सहज वाचता येणे. तिसरी म्हणजे आकलन, वाचलेल्याचा अर्थ लागणे.

या तिन्हींचे नाते समजून घेतले पाहिजे. जे मूल 'ब... क... री... ने' असे एकेक अक्षर जोडत जाते, ते वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा शब्द विसरलेले असते. त्याची सारी शक्ती चिन्हे उलगडण्यात खर्च होते आणि अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. याउलट काही मुले भराभर वाचतात, पण 'बकरीने काय खाल्ले?' असे विचारताच गप्प होतात. पहिल्या मुलाला ओघाचा सराव हवा आहे, दुसऱ्याला अर्थाविषयीचा संवाद. दोघांना एकच पाठ दहा वेळा लिहावयास लावणे हा दोघांवरही अन्याय आहे. केंद्र शासनाच्या २०२१ मधील 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता येणे हे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातील 'अर्थासह' हा शब्द आपण विसरता कामा नये.

मराठी लिपीच्या खाचखळग्यांची जाण

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे आपण अभिमानाने म्हणतो. प्रौढ वाचकाला हे खरे वाटते, पण शिकणाऱ्या मुलापुढे या लिपीत बरेच खाचखळगे असतात. देवनागरीत एकेका व्यंजनाला डझनभर स्वरचिन्हे जोडली जातात, म्हणजे मुलाला चारशेहून अधिक अक्षररूपे ओळखावी लागतात. त्यात जोडाक्षरांची भर पडते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, परंतु तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. 'धर्म' या शब्दात रफार 'म'च्या डोक्यावर बसतो, पण त्याचा उच्चार 'म'च्या आधी होतो. एकटा 'र' जोडाक्षरात 'प्र', 'ट्र', 'र्म' आणि 'ऱ्य' अशी निरनिराळी रूपे घेतो. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' लिहायला एकच, उच्चारायला वेगळा आहे. 'जन' आणि 'जाळे' यांतील 'ज'चेही तसेच. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्या आकारांतील साम्य तर मोठ्यांनाही घाईत चकवते.

या अडचणी ध्यानात घेतल्या म्हणजे संपूर्ण मुळाक्षरे आणि मग संपूर्ण बाराखडी घोकून घेण्याची रूढ पद्धत का अपुरी पडते, हे कळते. 'क, का, कि, की' हे चालीवर म्हणणारे मूल अनेकदा गाणे म्हणत असते. मधलेच 'कू' दाखवले की ते पुन्हा 'क'पासून सुरुवात करते. शिवाय सर्व अक्षरे संपेपर्यंत महिनोन्‌महिने त्याला एकही अर्थपूर्ण शब्द वाचायला मिळत नाही. वाचनातून काही हाती लागते हा अनुभवच त्याला येत नाही.

अधिक परिणामकारक मार्ग म्हणजे थोड्या अक्षरांचे गट करून शिकवणे. पहिल्या गटात 'क', 'म', 'ल' ही तीन अक्षरे आणि काना एवढेच घ्यावे. यातून काका, मामा, काम, माल, काल, कला, मका, मला, कमल, कमाल इतके शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल स्वतःच्या बळावर शब्द वाचते आणि त्याच्या डोळ्यांत वेगळी चमक येते. पुढच्या गटात 'ब', 'र', 'स' आणि दीर्घ वेलांटी घेतली की बाबा, बस, मामी, काकी, लाल रस, बकरी हे शब्द येतात, आणि छोटी वाक्येही वाचता येतात. प्रत्येक नवा गट आधीच्या गटात मिसळत जावा. जोडाक्षरांना घाई नको. ती आली की मुलांच्या परिचयाच्या शब्दांतून यावीत.

आधी पायरी ओळखा

समाजमंदिरात येणारी मुले वेगवेगळ्या इयत्तांतील असतात. इयत्तेनुसार बसविले तर वर्ग पहिल्याच दिवशी फसतो. त्याऐवजी वाचनाच्या पायरीनुसार गट करावेत. त्यासाठी एका कागदावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची छोटी गोष्ट लिहून घ्यावी. प्रत्येक मुलाला एकटे जवळ बसवून, प्रेमाने वाचावयास सांगावे. ते जेथे सहज वाचते ती त्याची पायरी. एका मुलासाठी पाच मिनिटे पुरतात.

यातून पाचवीची मुलगी आणि दुसरीचा मुलगा एकाच गटात बसण्याचा प्रसंग येईल. येथे फार जपावे लागते. गटांना 'हुशार', 'कच्चे' अशी नावे कदापि देऊ नयेत. झाडांची, नद्यांची नावे द्यावीत आणि दर महिन्याला चाचणी घेऊन गट बदलावेत. मोठ्या मुलीला त्या गटात पुस्तके वाटण्याची किंवा लहानांना गोष्ट सांगण्याची जबाबदारी दिली तर तिचा मान राहतो.

बौद्ध साहित्यातील चुल्लपंथकाची कथा आपल्या परिचयाची आहे. चार महिन्यांत एक गाथाही पाठ न झाल्यामुळे सख्ख्या थोरल्या भावाने त्यांना संघातून निघून जावयास सांगितले. तथागतांनी त्यांच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि त्यांना जमेल अशी साधना दिली. त्या वाटेने ते पूर्णत्वास पोहोचले. शिकणारा तोच होता, बदलली ती शिकवण्याची रीत. 'ढ' हा शब्द आपल्या वर्गातून हद्दपार करण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

एका तासाची आखणी

वर्ग रोज एक तास, आठवड्यातून किमान पाच दिवस असावा. रविवारी तीन तास घेण्यापेक्षा रोजचा एक तास कितीतरी अधिक फळ देतो. तासाची विभागणी साधारणपणे पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिली दहा मिनिटे कार्यकर्त्याने सर्वांना एक गोष्ट मोठ्याने, भावपूर्ण वाचून दाखवावी. पुस्तक मुलांना दिसेल असे धरावे आणि मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल?' असे विचारावे. ज्यांना अद्याप वाचता येत नाही त्यांनाही पुस्तकात काय दडलेले असते हे येथेच कळते.

पुढील पंधरा मिनिटे गटनिहाय अक्षर आणि शब्दकाम. अक्षरपत्ते जुळवून शब्द बनवणे, शब्दातील पहिला ध्वनी ओळखणे, एक अक्षर बदलून नवा शब्द करणे असे खेळ घ्यावेत. 'काम'चे 'नाम', 'नाम'चे 'नाव', 'नाव'चे 'गाव' होताना मुले हसत-खेळत लिपीचे नियम आत्मसात करतात.

त्यानंतरची पंधरा मिनिटे जोडीने वाचन. थोडे पुढे असलेले मूल आणि थोडे मागे असलेले मूल एकाच पुस्तकातून आलटून पालटून वाचते. तोच उतारा दोन-तीन दिवस पुन्हा वाचू द्यावा, कारण ओघ येतो तो पुनर्वाचनातूनच. वाचताना मूल अडखळले तर लगेच शब्द सांगू नये. मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत आणि त्याला प्रयत्न करू द्यावा.

पुढची दहा मिनिटे लेखनाची. येथे पुस्तकातले उतरवून काढणे नको. आज बाजारात काय पाहिले, आजीने काय सांगितले, हे मुलाने आपल्या शब्दांत लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे, कार्यकर्त्याने ते वहीत लिहावे आणि मुलाने ते वाचावे. स्वतःचे वाक्य कागदावर पाहण्याइतका प्रभावी धडा दुसरा नाही.

शेवटची दहा मिनिटे मुक्त वाचनाची. मूल हवे ते पुस्तक घेईल, चित्रे पाहील, मित्राला दाखवील. या वेळी प्रश्न विचारू नयेत. शाळेचा गृहपाठ या तासात शिरू देऊ नये, हा नियम काटेकोरपणे पाळावा. एकदा गृहपाठ आत आला की वाचनवर्गाची शिकवणी होते आणि ज्याला वाचता येत नाही ते मूल पुन्हा मागच्या रांगेत जाऊन बसते.

बोलीचा सन्मान

वऱ्हाडातील मूल 'डोळा' हा शब्द पाहून 'डोया' म्हणाले तर त्याने चूक केली का? त्याने शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. हे वाचनच आहे. 'पाणी'चे 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचेही तसेच. अशा वेळी 'अशुद्ध बोलू नकोस' असे खडसावणे म्हणजे त्याच्या आईची भाषा हीन ठरवणे होय. आपल्या समाजाने हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. आपल्याच वास्तूत त्याची पुनरावृत्ती होऊ नये. प्रमाण भाषा मुलांना अवश्य यावी, परंतु ती घरच्या भाषेच्या शेजारी बसावी, तिच्या छाताडावर नव्हे. अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी तर पहिले काही आठवडे गोष्टींवर त्यांच्या भाषेत बोलणे अत्यावश्यक ठरते.

पुस्तके आणि पालक

पन्नास-साठ चांगली बालपुस्तके असली की वर्ग सुरू करता येतो. मोठे टाइप, एका पानावर एक-दोन वाक्ये आणि बोलकी चित्रे असलेली पुस्तके लहानांसाठी निवडावीत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके माफक किमतीत मिळतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या छापूनही घेता येतात. मोठ्या मुलांसाठी बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक उत्तम. पुस्तके कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत. दोरीवर टांगावीत, म्हणजे मुखपृष्ठे दिसतात. चार पुस्तके फाटली तर ती वाचली गेल्याची खूण समजावी.

अनेक माता स्वतः निरक्षर असतात आणि 'आम्हांला काय कळतं त्यातलं' म्हणून दूर राहतात. त्यांना सांगावे की मुलाने रोज दहा मिनिटे वाचलेले फक्त ऐकावे आणि 'मग पुढं काय झालं?' एवढेच विचारावे. हा प्रश्न विचारण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. आजी-आजोबांच्या गोष्टी, ओव्या, जुन्या चळवळीच्या आठवणी मुलांनी ऐकून लिहून काढल्या तर त्यांतून वर्गाचे स्वतःचे वाचनसाहित्य तयार होते.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दिवाळीच्या सुमारास ही मुले निघून जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्याबरोबर पाच-सहा पुस्तके आणि एक वही द्यावी. परतल्यावर त्यांना पुन्हा पहिल्या अक्षरापासून न बसवता चाचणी घेऊन योग्य गटात घ्यावे.

कार्यकर्ता आणि नोंद

वर्ग चालविण्यासाठी पदवीची गरज नाही. बारावीत शिकणारी मुलगी, सेवानिवृत्त कर्मचारी, महाविद्यालयीन युवक यांपैकी कोणीही थोड्या प्रशिक्षणाने हे काम करू शकते. एका व्यक्तीकडे बारा ते पंधरांहून अधिक मुले देऊ नयेत, आणि एकाच व्यक्तीवर वर्षभराचा भारही टाकू नये. दोघांची किंवा तिघांची जोडणी असली तर परीक्षा, आजारपण, लग्नसराई यांमुळे वर्ग बंद पडत नाही. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान ठेवावे. तारीख, पायरी, वाचलेली पुस्तके आणि अडणारी अक्षरे एवढी नोंद पुरेशी आहे. ही वही मुलांच्या तुलनेसाठी नसून कार्यकर्त्याने उद्या काय शिकवावे हे ठरवण्यासाठी आहे.

माजी विद्यार्थ्यांस निवेदन

दरवर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो, आणि त्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्याच सभागृहाच्या दारात उभ्या असलेल्या, आत बसून काय करावे हे न कळणाऱ्या मुलाकडे आपले लक्ष जाते का? १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचेही तसेच. एका दिवसाच्या उत्सवाने वाचता येत नाही, वर्षभराच्या रोजच्या तासाने येते.

आपली बहुतेक समाजमंदिरे वंदना, जयंती, बैठका आणि मंगलकार्ये सोडली तर कुलूपबंद असतात. इमारत आहे, वीज आहे, चटई आहे, भिंतीवर बाबासाहेबांची आणि तथागतांची प्रतिमा आहे. तेथे संध्याकाळी सहा ते सात दार उघडण्याचा निर्णय तेवढा व्हावयाचा आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या गावी, आपल्या वस्तीत जाऊन स्थानिक समितीपुढे हा एकच ठराव मांडावा. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात. जे दूरच्या शहरात आहेत त्यांनी पुस्तकांची जबाबदारी घ्यावी. जे निवृत्त झाले आहेत त्यांनी किल्ली आपल्याकडे मागून घ्यावी.

पुढील वर्षी पाचवीच्या प्रवेशासाठी जी मुले शाळेच्या फाटकातून आत येतील ती आज कुठल्या ना कुठल्या वस्तीत तिसरीत किंवा चौथीत आहेत. त्यांच्या हाती पडणारे पहिले पुस्तक त्यांना वाचता येईल की नाही, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे साधारण एक वर्ष आहे. ते पुरेसे आहे.